उद्योगाच्या वर्गातला गृहपाठ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाषण करावयाची ही माझी पहिलीच वेळ. हळदीकुंकवाला मी पुष्कळ बोलते, पण ते बसून. उभे राहून बोलावयाचे म्हणजे पाय लटपटतात. चिटणीसबाई म्हणाल्या, "वर्गाला गेला होतात ना, त्याचेच चार शब्द सांगा." चार शब्दांत ते मावत नाही म्हणून लिहून आणले आहे. लिहिणे माझे आहे; ऱ्हस्वदीर्घ तेवढे थोरलीने पाहिले.

माझे शिक्षण सातवीपर्यंत. आठवीची पुस्तके आणली होती, पण आई आजारी पडली, धाकटी भावंडे सांभाळावी लागली आणि ती पुस्तके शेजारच्या मुलीला गेली. त्यानंतर मी वर्गाच्या बाकावर बसले ती गेल्या वर्षी श्रावणात, थोरलीचे कॉलेज सुरू झाल्यावर. ह्यांची अंबरनाथच्या एमआयडीसीतील नोकरी गेली हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. एका दुकानात हे आता मालाची ने-आण करतात. थोरलीची फी तोंडावर होती. मी सहा वर्षे चकलीची भाजणी करून विकत होते, त्यात पैसा सुटतो अशी माझी समजूत होती. तेव्हा हाच धंदा मोठा करू, कर्ज काढू, असा विचार केला. कर्जाची चौकशी केली तर पहिल्यांदा उद्योजकतेचा वर्ग करा, प्रमाणपत्र आणा, असे सांगण्यात आले. अठरा दिवसांचा वर्ग, कॅम्प चारमध्ये, दुपारी बारा ते चार. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम म्हणून 2008 पासूनची जी योजना आहे, तिच्यात दहा लाखांवरच्या कारखान्याला आठवी पास लागते. म्हणजे माझी एक यत्ता कमी पडली! पण मला चाळीस हजारांची भट्टी आणि दळणयंत्र हवे होते, दहा लाख माझ्या स्वप्नातही नव्हते. त्यामुळे अडले नाही.

वर्गात बत्तीस जण होतो. बहुतेक मुले वीस-बावीस वर्षांची. मला कोणी काकू म्हणत, कोणी मावशी. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या थोरलीपेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठ्या. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर काही लिहिलेच नाही. जमिनीवर एक खुंटी ठेवली, प्रत्येकाच्या हातात तीन रिंगा दिल्या आणि म्हणाल्या, "हवं तेवढं लांब उभं राहा आणि टाका." मी खुंटीपाशी जाऊन उभी राहिले व तिन्ही रिंगा अलगद आत टाकल्या. मला वाटले, जिंकले. एक मुलगा भिंतीला पाठ लावून उभा राहिला, त्याची एकही लागली नाही, तरी तो हसत होता. ब्लाउज शिवणाऱ्या एक बाई मध्यावर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या दोन लागल्या. मॅडम म्हणाल्या, "ह्यांना धंदा कळतो. काकू, चुकायची भीती वाटते म्हणून तुम्ही खेळलाच नाहीत."

मला राग आला. घरी येऊन मी ह्यांना म्हटले, "पोरखेळ चालला आहे." पण नंतर कळले की हा खेळ थट्टेचा नव्हे. अमेरिकेत हार्वर्ड म्हणून विद्यापीठ आहे, तेथील मॅक्लेलंड नावाच्या प्राध्यापकांनी माणसाच्या मनातील ईर्ष्या तपासण्यासाठी अशा रिंगा वापरल्या. 1964 साली त्यांनी आंध्रातील काकीनाडा गावच्या व्यापाऱ्यांना वर्ग देऊन पाहिला. धंदा रक्तातच असावा लागतो असे नाही, तो शिकवता येतो, हे त्यांना दाखवावयाचे होते. पुढे गुजरातेत असे वर्ग निघाले आणि आपल्या महाराष्ट्रात 1988 साली औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, त्यासाठी वेगळे केंद्र स्थापन झाले. आपल्या कॅम्पात मात्र "धंदा करावा सिंध्यांनी, नोकरी करावी आपण" हेच ऐकत मी वीस वर्षे काढली.

खरा वर्ग गृहपाठाचा होता. रोज घरी काहीतरी करावयाला द्यावयाचे आणि दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर उभे करून विचारावयाचे. पहिला गृहपाठ : तुम्हांला येणाऱ्या पाच गोष्टी लिहा. मी तासभर पेन्सिल चावत बसले आणि "स्वयंपाक" एवढेच लिहिले. शेजारच्या मुलाने बारा लिहिल्या होत्या, त्यांत "लोकांशी बोलणे" हीसुद्धा एक. मला मौज वाटली. बोलणे हीही येण्याची गोष्ट असते!

चौथ्या दिवशीचा गृहपाठ लिंबांचा. म्हणजे लिंबे मी घेतली. सांगितले होते ते एवढेच की घरातले शंभर रुपये घ्या, काहीही विकत घ्या आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्गापर्यंत विकून हिशेब आणा. अट एकच. नातलग, शेजारी, ओळखीचे यांना विकावयाचे नाही. मी सकाळी लवकर उठून शंभर रुपयांची चाळीस लिंबे आणली आणि अंबरनाथ स्टेशनबाहेर जाऊन उभी राहिले. दहाला तीन असा भाव ठरवला होता. पण तोंडातून शब्द निघेना. समोरून आपल्या बराकीतील कोणी येईल, "अहो, तुम्ही इथे?" म्हणेल, या धास्तीने मी पिशवी पदराखाली धरून उभी. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. जवळच एक भाजीवाली बसली होती. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत होती. शेवटी म्हणाली, "बाई, वरडायची लाज वाटती तर नका वरडू. पण माल तरी उघडा ठेवा. झाकलेला माल कोण घेईल?"

तिने आपल्या गोणपाटाचे एक टोक मला दिले. मी लिंबे मांडली. मग एकेक गिऱ्हाईक येऊ लागले. दोन तासांत छत्तीस लिंबे गेली, एकशे वीस रुपये झाले. उरलेल्या चारांचे घरी सरबत केले आणि मोठ्या ऐटीत वर्गात सांगितले, "वीस रुपये नफा."

मॅडमनी विचारले, "चार लिंबांचं काय झालं?"

"सरबत केलं."

"कोणी प्यायलं?"

"आम्हीच."

"मग घराने धंद्याला त्याचे दहा रुपये दिले का?"

सारा वर्ग हसला. मलाही हसू आले, पण रात्री ते वाक्य डोक्यातून जाईना. माझ्या भाजणीतली किती भाजणी आमच्याच घरी तळली जात होती? पाहुणे आले की थालीपिठाला, मुलांच्या डब्याला. आणि धंद्याच्या डब्यातले पैसे? गॅस संपला की त्यातून, दूधवाल्याला त्यातून, भिशीला त्यातून. डबा एकच होता. त्या रात्री मी दुसरा डबा काढला, बिस्किटांचा. तो आजही आहे आणि त्यातले पैसे घरात घ्यावयाचे तर चिठ्ठी लिहून घेते. ह्यांनाही चिठ्ठी लिहावी लागते. त्यांना ते फारसे रुचलेले नाही.

मधले काही दिवस अनोळखी दहा घरे फिरून त्यांना काय हवे ते विचारावयाचे होते. आपल्या कॅम्पाची मांडणी अशी की चार बराकी ओलांडल्या की अनोळखीच. एका वयस्कर सिंधी आंटींकडे गेले. त्यांना भाजणी म्हणजे काय ते सांगण्यातच पंधरा मिनिटे गेली. पण मग त्यांनी बसवून घेतले, पापड दिला. त्यांच्या सासूबाई फाळणीनंतर इथे लष्कराच्या रिकाम्या बराकीत आल्या तेव्हा याला उल्हासनगर हे नावही नव्हते. ते 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली तेव्हापासूनचे. सासूबाई पापड लाटीत आणि सासरे ते लोकलमध्ये विकीत. "शेजारी को क्यों नहीं बेचते थे?" मी विचारले. आंटी म्हणाल्या, "शेजारीभी तो बेचनेवालाच था ना!" आपण मात्र उलटे केले. आपले पहिले गिऱ्हाईकही शेजारीण आणि शेवटचेही तीच. शेजारणीला भाव सांगताना जीभ अडखळते. माझी तर सहा वर्षे अडखळत होती.

आता किमतीच्या गृहपाठाकडे येते. हा तेराव्या दिवशीचा. आपला माल निवडा आणि त्याची खरी किंमत काढा. मला वाटले, हे तर सोपे. एका घाण्याला तांदूळ चार किलो, चणाडाळ दोन, उडीदडाळ एक, मूगडाळ अर्धा किलो, धने पाव किलो, जिरे शंभर ग्रॅम. त्या वेळच्या भावाने साडेसहाशे रुपये. दळणाचे नव्वद. झाले सातशे चाळीस. साडेसात किलो भाजणी, म्हणजे अर्ध्या किलोची पंधरा पुडकी, सत्तर रुपयांना एक, एक हजार पन्नास. नफा तीनशे दहा. सहा वर्षे हाच हिशेब मी तोंडाने करीत आले होते.

मॅडमनी कागद परत दिला आणि खाली लाल शाईने तीन प्रश्न लिहिले. गॅस कोणाचा? पिशव्या कोणाच्या? बाजारातून माल कसा आणला? मी लिहिले : गॅस चाळीस, पिशव्या बेचाळीस, रिक्षा चाळीस.

"पिशव्या बेचाळीस का? पंधरा पिशव्यांचे पंचेचाळीस होतात."

तेव्हा मला सांगावे लागले की पुडकी पंधरा होतच नाहीत, चौदा होतात. प्रत्येक पुडक्यावर मी एक मूठ वरती घालते. आपल्याच बायका, काटा बरोबर मध्यावर ठेवायला कसेसेच वाटते. त्या मुठी मिळून अर्धा किलो भाजणी जाते. मग चौदा पुडक्यांचे नऊशे ऐंशी, खर्च आठशे बासष्ट. राहिले एकशे अठरा.

"आणि तुमची मजुरी?"

त्या रकान्यात मी रेघ ओढली होती. घरच्या कामाची कसली मजुरी! मॅडमनी तास मोजायला सांगितले. धुणे, वाळत घालणे, खमंग भाजणे, गिरणीत नंबर लावून बसणे, भरणे, घरोघर पोचवणे. नऊ तास भरले. एकशे अठरा भागिले नऊ, म्हणजे तासाला तेरा रुपये.

मैत्रिणींनो, तो आकडा पाहून मी गप्प बसले. कारण त्याआधी दोन वर्षे मी आपल्या कॅम्पातल्या जीन्सच्या गाळ्यांतून पँटी घरी आणून त्यांचे धागे कापत होते. दीड रुपयाला एक पँट, तासाला बारा पँटी होत, अठरा रुपये. बोटांना घट्टे पडत, निळा रंग नखांतून जात नसे, म्हणून ते सोडले आणि "स्वतःचा धंदा" धरला. स्वतःच्या धंद्यात मी माझ्याकडून धाग्यांपेक्षाही स्वस्तात काम करून घेत होते. आणि हीच गोष्ट मोठी करण्यासाठी चाळीस हजारांचे कर्ज मागत होते.

मॅडम म्हणाल्या, "उद्या तुम्ही आजारी पडलात आणि दुसरी बाई ठेवलीत तर ती काय घेईल? विचारून या." मी आमच्या समोरच्या वहिनींना विचारले. (त्या आज इथेच बसल्या आहेत आणि त्यांच्या परवानगीनेच हे सांगते.) वहिनींनी क्षणाचाही विचार केला नाही. "दिवसाचे साडेतीनशे, आणि चहा." दुसऱ्याकडून घ्यावयाची मजुरी आपल्याला पाठ असते. स्वतःच्या घरात तेच काम केले की आकडा सुचत नाही.

साडेतीनशे धरले तर पुडक्याची किंमतच सत्याऐंशी रुपये होते आणि मी ते सत्तरला देत होते. अंबरनाथला एका दुकानात तसलेच पुडके एकशे तीसला होते. भाव शंभर करावयाचा आणि मूठ बंद, असे कागदावर ठरले.

मी वर्गात एक शंका काढली. आमच्याकडे उन्हाळ्यात कुरडया, पापड्या सावडीने होतात. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. तिथे मजुरी लावली तर गच्चीवर एकही बाई चढणार नाही. मॅडमना सावड हा शब्दच नवा होता. त्यांनी ऐकून घेतले, पण उत्तर त्यांच्याकडे नव्हते. माझे मी ठरवले आहे. घरच्या कुरडया सावडीच्या, त्यांचा हिशेब नाही. विकावयाची भाजणी हिशेबाची. दोन्हींची गल्लत सहा वर्षे मीच केली होती, तुम्ही नव्हे.

त्याच सुमारास लिज्जत पापडाची गोष्ट वाचून यावयास सांगितले होते. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन चार पाकिटे पापड केले, हे आपण ऐकलेले असते. मला त्यातली दुसरीच गोष्ट आवडली. तिथे भगिनी पीठ घरी नेतात, पापड लाटून आणतात आणि किलोमागे लाटणावळ घेतात. धंद्यातला नफा वाटावयाचा तो मागून. मजुरी आधी. नाहीतर आपल्याकडे नफा-नफा म्हणून जे मिरवतो, ती पुष्कळदा न घेतलेली मजुरीच असते.

वर्ग संपला, प्रमाणपत्र मिळाले. खाद्यपदार्थांची नोंदणी केली, तेव्हा वर्षाला शंभर रुपये लागले. लेबल करताना वर्गातली मुले म्हणाली, "काकू, उल्हासनगर लिहू नका, लोक डुप्लिकेट म्हणतील. डोंबिवली लिहा." आपल्या गावाच्या नावावर "मेड इन यूएसए"चा जो विनोद आहे तोही त्यांनी ऐकवला. पण करणाऱ्याचा पूर्ण पत्ता लेबलावर कायद्यानेच घालावा लागतो. मी उल्हासनगर-5 ठसठशीत छापले. कर्जासाठी एका बँकेत तीन हेलपाटे घातले. दर वेळी नवा कागद निघे. चौथ्यांदा गेले नाही. खरा हिशेब कळल्यावर दळणयंत्राची घाईही उरली नव्हती. बचतगटातून वीस हजार घेतले, मोठी कढई आणि चांगला वजनकाटा घेतला, बाकीच्यात दिवाळीचे धान्य भरले.

आणि मग शेवटचा गृहपाठ, जो मॅडमनी दिलाच नव्हता. तुम्हांला भाव सांगणे.

सर्वांत आधी समोरच्या वहिनींना सांगावे, असे ठरवले. माझ्या ऑपरेशनच्या वेळी पंधरा दिवस ह्यांच्या घरून डबा आला होता. दिवाळीला चार पुडकी ठरलेली. मी घरात दोनदा बोलून पाहिले आणि गेले. "वहिनी, यंदा पुडकं शंभरला आहे." त्या भांडी विसळत होत्या. हात थांबला. म्हणाल्या, "घरच्या माणसालाही?" मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. तोंडाला कोरड पडली होती. त्या वर्षी त्यांनी भाजणी दुकानातून आणली. महिनाभर आमचे बोलणे नव्हते. जिन्यात भेटलो तर दोघी पिशवीत काहीतरी शोधत असू.

माझी नेहमीची एकतीस घरे होती. त्यांतली नऊ तुटली. कोण ते सांगत नाही, तुमच्याकडे पाहतही नाही. आठवडाभर मला झोप आली नाही. भाव उतरवावा असे ह्यांनीही सुचवले. मी त्यांच्यापुढे हिशेबाचा कागद ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सायकलला पिशव्या अडकवून बाजाराला निघाले आणि दारातून विचारले, "रिक्षाचे चाळीस मला मिळतील ना?" मी बिस्किटांच्या डब्यातून काढून दिले. तुटलेल्या नऊ घरांऐवजी त्या दिवाळीत अनोळखी सोळा झाली, त्यांतली पाच सिंधी. ती चकल्या करीत नाहीत, थालीपिठाला नेतात. थोरलीची फी मुदतीत भरली. निम्मी त्या डब्यातून, निम्मी ह्यांच्या पगारातून.

मार्गशीर्षात एका सकाळी वहिनी दारात आल्या. आत आल्या नाहीत. म्हणाल्या, "साडेतीनशे आणि चहा म्हटलं होतं मी. अजून आहे का काम?" तेव्हापासून भाजण्याच्या दिवशी त्या येतात. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी पैसे पुढे केले तर त्या हातात घेईनात, मलाही हातात देववेनात. शेवटी मी ते चहाच्या कपाखाली ठेवले आणि त्यांनी कपाबरोबर उचलले. आता हातात देते, त्या मोजून घेतात. त्यांचे चुकते होते. माझे स्वतःचे साडेतीनशे मात्र मी अजून दर वेळी उचलत नाही. घाण्याच्या दिवशी काहीतरी खर्च निघतो आणि माझाच रकाना कोरा राहतो. मॅडमनी तो कागद पाहिला तर पुन्हा लाल शाई काढतील.

अध्यक्षबाईंनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा पुरे करते. उधारीची वही मी मुद्दाम घरी ठेवून आले आहे, निश्चिंतपणे फराळ घ्या. दाराशी टेबलावर दहा पुडकी मांडून ठेवली आहेत. पुडके शंभर रुपये, वजन काट्यावर बरोबर पाचशे ग्रॅम.